बासवादकाचा वाटा

1988 मध्ये ‘मेटालिका’ या अमेरिकी बँडचा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ हा अल्बम आला. सुमारे पासष्ट मिनिटांच्या या अल्बममध्ये गिटार दणाणतात, ड्रम कडाडतात, गायकाचा खरखरीत आवाज अंगावर येतो. बास गिटार मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. ती वाजवलेली आहे. वाजवणाऱ्या जेसन न्यूस्टेडचं नाव अल्बमवर रीतसर छापलेलं आहे. त्याने केलेलं काम उत्तम होतं, असं ध्वनिमुद्रणाच्या वेळी हजर असलेला निर्माता फ्लेमिंग रासमुसेन पुढे अनेकदा सांगत आला. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवण्याचं काम, करणाऱ्या दोघांपैकी स्टीव्ह थॉम्प्सनने तर उघडपणे सांगितलं, की बास खाली घ्या, ऐकू येईनाशी करा आणि मग आणखी पाच-सहा डेसिबल उतरवा, अशी सूचना ड्रमर लार्स उलरिककडून आली होती. जगभरच्या मेटल रसिकांमध्ये या प्रकाराची चर्चा गेली साडेतीन दशकं एखाद्या गमतीदार किश्श्यासारखी चालू आहे. मला त्यात गंमत दिसत नाही. हेवी मेटलमधल्या बासवादकाची कारकीर्द त्याच्या बोटांच्या वेगावर ठरते, असं संगीतावर लिहिणारे गृहीत धरतात. ती प्रत्यक्षात ठरते मालकीवर: गाण्यावर नाव कोणाचं लागतं, मिक्सच्या खोलीत शेवटचा शब्द कोणाचा आणि बँडबाहेर काम करायची मुभा कोणाला. न्यूस्टेडची चौदा वर्षं त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आहेत, म्हणून त्या वर्षांकडे कामगाराच्या प्रश्नासारखं पाहायला हवं.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी बासचं काम सांगायला हवं. साध्या गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झच्या आसपास वाजते. बास गिटारची त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 41 हर्ट्झवर. तबल्याच्या जोडीतून डग्गा काढून घेतला तर बोल कळतील, लय मोजता येईल, पण वजन निघून जाईल. बास काढल्यावर मेटलचं नेमकं तसंच होतं. अडचण अशी, की मेटलमधली गिटारही खालच्या पट्टीत घुमते. तारांवर तळहात दाबून वाजवलेले ठोके, त्यावर चढवलेला खर्ज आणि मधल्या स्वरांची काटछाट यामुळे गिटार बासच्या इलाख्यात शिरते. बासवादक जर तेच स्वर, त्याच वेगाने, प्लेक्ट्रमने वाजवत असेल, तर दोन वाद्यं एकमेकांत मिसळतात आणि कोणाला तरी जागा करून द्यावी लागते. ‘जस्टिस’च्या वेळी हेच झालं, शिवाय दौऱ्यांनी आमचे कान थकले होते, असं गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचं म्हणणं आहे. त्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. पण दोन वाद्यं एकाच जागेसाठी भांडत असताना माघार कोणी घ्यायची, हे ध्वनिशास्त्र ठरवत नाही. न्यूस्टेडने आपली बास एका सहायक तंत्रज्ञासोबत, बाकीच्यांच्या गैरहजेरीत वाजवून दिली आणि मिक्सच्या वेळी तो निर्णयाच्या टेबलावर नव्हता. तीन वर्षांनी बॉब रॉक या निर्मात्याने याच चौघांना घेऊन अल्बम केला तेव्हा त्याने न्यूस्टेडला गिटारच्या मागे न धावता ड्रमबरोबर वाजायला लावलं आणि बासला जागा मिळाली. म्हणजे मार्ग होता. तो 1988 मध्ये शोधायची गरज कोणाला वाटली नाही.

न्यूस्टेड हा मिशिगनमधल्या बॅटल क्रीकचा, जन्म 1963 चा. फिनिक्स शहरात त्याने ‘फ्लॉट्सम अँड जेट्सम’ हा बँड उभा केला. बास वाजवणं, बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणं आणि बँडचा व्यवहार पाहणं अशी तिन्ही कामं तो करत होता. त्या बँडचा पहिला अल्बम 1986 मध्ये आला. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला स्वीडनमध्ये मेटालिकाची बस उलटली आणि त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. महिनाभरात चाचण्या घेऊन न्यूस्टेडची निवड झाली; नोव्हेंबरात तो रंगमंचावर होता आणि पाठोपाठ जपानच्या दौऱ्यावर. शोक करायला कोणाला उसंत मिळाली नाही आणि तो सगळा न फुटलेला शोक नव्या माणसावर निघाला. दौऱ्यात त्याच्या नावावर बिलं फाडणं, त्याला वगळून निघून जाणं, त्याच्याबद्दल भलतंसलतं पसरवणं असे प्रकार महिनोन्‌महिने चालले. बँडमधल्या मंडळींनीच पुढे मुलाखतींमधून याची कबुली दिली आहे. तरुण मुलांची टवाळी म्हणून हे सोडून देता आलं असतं, जर टवाळी संपल्यावर त्याला बरोबरीचं स्थान मिळालं असतं तर.

ते मिळालं की नाही, हे गाण्यांच्या श्रेयनामावलीत तपासता येतं. न्यूस्टेड बँडमध्ये असताना मेटालिकाने स्वतःच्या नव्या गाण्यांचे चार स्टुडिओ अल्बम काढले: 1988, 1991, 1996 आणि 1997 या वर्षांत. त्यांत मिळून अठ्ठेचाळीस गाणी आहेत. न्यूस्टेडचं नाव तीन गाण्यांवर आहे. आता त्याच्या आधीच्या माणसाकडे पाहा. 1984 च्या ‘राइड द लाइटनिंग’ अल्बममधल्या आठपैकी सहा गाण्यांवर क्लिफ बर्टनचं नाव आहे. वाद्य तेच, बँड तोच, मुख्य दोघे तेच. बर्टन जास्त प्रतिभावान असेल, असं कोणी म्हणेल. त्याची स्वररचनेची जाण असामान्य होती, यात शंका नाही. पण बर्टन बँडमध्ये कसा आला, हेही लक्षात घ्यायला हवं. मेटालिका लॉस एंजेलिसचा बँड होता. बर्टन सॅन फ्रान्सिस्को परिसरातला. मी येणार नाही, तुम्ही इकडे या, अशी त्याची अट होती आणि अख्खा बँड आपलं चंबूगबाळं आवरून उत्तरेला गेला. ज्याच्यासाठी बँड शहर बदलतो, त्याची रचना ऐकून घेतली जाते. न्यूस्टेड मोकळ्या झालेल्या जागेवर आला. आधीच्या बँडमध्ये बहुतेक शब्द लिहिणाऱ्या माणसाकडे पुढच्या चौदा वर्षांत अठ्ठेचाळीसपैकी तीनच गाण्यांपुरतं सांगण्यासारखं उरलं, हे मला तरी पटत नाही.

श्रेय हा मानाचा विषय आहे असं आपल्याला वाटतं. तो पोटापाण्याचाही आहे. पाश्चात्त्य संगीत व्यवसायात ध्वनिमुद्रणाचे पैसे आणि गाणं रचल्याचे पैसे या दोन वेगळ्या नळांनी येतात. दुसरा नळ फक्त ज्यांची नावं रचनाकार म्हणून लागली आहेत त्यांच्याच घरी उघडतो आणि तो बहुधा आयुष्यभर, किंबहुना मृत्यूनंतरही, वाहतो. अमेरिकेत 2006 पासून पुढची सतरा वर्षं विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे दर गाण्याला 9.1 सेंट हा कायद्याने ठरलेला दर होता. एक कोटी प्रती खपल्या तर एका गाण्याचे 9 लाख 10 हजार डॉलर होतात. प्रकाशक त्यातला हिस्सा घेतो, उरलेला रचनाकारांमध्ये वाटला जातो. रेडिओवर वाजलं, चित्रपटात घेतलं, दुसऱ्या कोणी गायलं की वेगळे पैसे. दौऱ्यांचं उत्पन्न अंगात ताकद असेतो चालतं. रचनेचं उत्पन्न म्हातारपणाची पेन्शन असते. एखादी धून जन्माला येताना खोलीत चौघे असतात. ड्रमर ताल बदलतो, बासवादक एक स्वर खाली जातो आणि गाण्याचा रोखच वळतो. त्याला रचना म्हणायचं की वादन, हा प्रश्न संगीताच्या व्याकरणात सुटत नाही, तो ताकदीने सुटतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मेटलमध्ये गाणं गिटारच्या रिफवर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, उभं राहतं. रिफ हेटफिल्डने रचले, बांधणी उलरिकने केली, 1981 मध्ये पदरमोड करून बँड या दोघांनी उभा केला. उशिरा आलेल्याने वाटा का मागावा? आक्षेप बिनबुडाचा नाही. ज्याने अधिक रचलं त्याला अधिक मिळावं, हे कोणीही मान्य करेल. पण या संगीताचा जन्मच वेगळ्या वाटणीतून झालेला आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगार वस्तीतले चार तरुण, ‘ब्लॅक सॅबथ’. गिटारवादक टोनी आयोमीची बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेलेली. पुढे त्याने तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवायला सुरुवात केली आणि मेटलला त्याचा आवाज मिळाला. बासवर होता गीझर बटलर. तो मुळात गिटार वाजवायचा; आयोमीला दुसरा गिटारवादक नको होता म्हणून बासकडे वळला. रिफ आयोमीचे असत, गायचा ऑझी ऑस्बर्न, आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहायचा हा बासवादक. युद्ध, अण्वस्त्रं, व्यसन, देवाची भीती हे मेटलचे विषय त्याच्या वहीतून आले. 1970 सालच्या दोन अल्बमपासून सुरुवातीच्या वर्षांतल्या बहुतेक गाण्यांवर चौघांची नावं बरोबरीने लागली, ड्रमर बिल वॉर्डचंही. आयोमीच्या रिफशिवाय एकही गाणं झालं नसतं, हे ठाऊक असूनही ही वाटणी टिकली. बँड फुटला, जुळला, पुन्हा फुटला. तरी 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर, ऑझीच्या मृत्यूच्या सतरा दिवस आधी, तेच चौघे शेवटचे एकत्र उभे राहिले. समान श्रेयामुळे सगळं गोड झालं, असा दावा मी करणार नाही. सत्तरच्या दशकात व्यवस्थापकाशी झालेल्या कोर्टकज्ज्यांत त्यांनी बरंच गमावलं आणि वॉर्डचं बाकीच्यांशी पुढे करारावरूनच बिनसलं. मुद्दा इतकाच, की बासवादकाला रचनेत वाटा न देणं हा या संगीताचा निसर्गनियम नाही.

दुसऱ्या टोकाला स्टीव्ह हॅरिस आहे. पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा हा मुलगा आराखडे काढायची नोकरी करत होता. 1975 च्या नाताळात त्याने ‘आयर्न मेडन’ची स्थापना केली. गायक बदलले, गिटारवादक बदलले, ड्रमर बदलले; हॅरिस राहिला, कारण बँड त्याचा आहे. मेडनची सर्वाधिक गाणी त्याने लिहिली आहेत, कित्येक अल्बमच्या निर्मितीत त्याचा हात आहे. आणि मेडनचा कुठलाही अल्बम लावा, बास स्पष्ट, पुढे, घोड्याच्या टापांच्या लयीत ऐकू येते. 1 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांच्या जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 चालवत दौरा करतो, याचीच तेव्हा जास्त चर्चा होती. तिथे जमलेल्या हजारोंनी जे ऐकलं, ते एका बासवादकाच्या अटींवर चालणारं संगीत होतं. हॅरिसच्या बासच्या आवाजाबद्दल त्याला कोणी सूचना देत असेल, असं वाटत नाही.

बँडबाहेर काम करण्याचा हक्क हीसुद्धा अशीच मालकीची बाब आहे. 2012 मध्ये हॅरिसने ‘ब्रिटिश लायन’ या नावाने वेगळा अल्बम काढला, त्या बँडचे दौरेही केले. मेडन सोडून जा, असं त्याला सांगणारं कोणीच नव्हतं. न्यूस्टेडने 2000 च्या सुमारास दोन तरुण वादकांबरोबर ‘एकोब्रेन’ हा छोटा बँड जमवला. मेटालिका तेव्हा विश्रांतीवर होती. त्याने आपल्या रिकाम्या वेळात त्या बँडचा अल्बम काढायचं म्हटलं, तर हेटफिल्डने ठाम नकार दिला: बाहेरच्या कामाने बँडची ताकद विभागली जाते, असं त्याचं जाहीर म्हणणं होतं. निष्ठेचा हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो आणि समूहात काम करणाऱ्या कोणालाही त्यातली भीती कळेल. एक जण बाहेर रमला की बाकीचे खिळखिळे होतात. पण 1996 मध्ये हेटफिल्डने स्वतः ‘कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटी’ या दुसऱ्या बँडच्या अल्बमवर आवाज दिला होता. एखाद्या गाण्यावरचा पाहुणा आवाज आणि अख्खा अल्बम यांत फरक आहे, हे कबूल. तरीही, फरक किती मोठा झाला की निष्ठाभंग होतो, ही रेघ मारण्याचा अधिकार चौघांपैकी एकाकडेच होता, हे कसं नाकारणार? 17 जानेवारी 2001 रोजी न्यूस्टेडने बँड सोडला. जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल बँडमधली जागा त्याने एका अनोळखी बँडपायी घालवली, असं म्हणत अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. मला त्यात वेडेपणा दिसत नाही. चौदा वर्षांत स्वतःचं म्हणता येईल असं काही उभं करायची त्याला हीच एक वाट मिळाली होती आणि तीही बंद करण्यात आली.

त्या दिवशीच्या निवेदनात त्याने खासगी कारणांबरोबर आणखी एक कारण दिलं होतं, ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही: हे संगीत वाजवताना शरीराची झालेली हानी. न्यूस्टेड रंगमंचावर मानेला हिसडे देत, वर्तुळात डोकं फिरवत वाजवायचा आणि वर दमदार पार्श्वगायनही करायचा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 च्या डिसेंबरात दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांचा एक अभ्यास आला. अंक नाताळचा, त्यामुळे मांडणी खेळकर, पण गणित खरं. डोकं हलवण्याजोग्या गाण्यांची सरासरी लय मिनिटाला 146 ठोक्यांची असते आणि त्या लयीत मान 75 अंशांपेक्षा जास्त झुकली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘स्लेयर’चा गायक-बासवादक टॉम अराया याच्या मानेवर 2010 मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, त्यानंतर त्याने डोकं हलवणं बंद केलं. न्यूस्टेडने 2006 मध्ये कोसळणारा ॲम्प्लिफायर धरायला जाऊन दोन्ही खांदे दुखावून घेतले. गळ्यात चार-साडेचार किलोचं लाकूड अडकवून, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, रोज दोन तास, वर्षाला शेकडो कार्यक्रम. एखाद्या कारखान्यात हे चाललं असतं तर युनियनने त्यावर मागणीपत्र दिलं असतं. कलावंताच्या बाबतीत त्याला जोश म्हणतात. शरीर वापरून घेणारं काम असेल तर त्या कामाचा दीर्घकाळ टिकणारा मोबदला, म्हणजे रचनेतला वाटा, अधिकच महत्त्वाचा होतो.

एवढं सगळं वाचून कोणी विचारेल, की हा माणूस कोट्यधीश झाला, जगभर नाव झालं, त्याच्याबद्दल हळहळायचं कशाला? आणि ‘जस्टिस’ बासविनाच लाखोंनी खपला, मग रसिकांचं काय बिघडलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. न्यूस्टेडला पैसा भरपूर मिळाला, ही गोष्ट खरी आहे आणि मी त्याच्यासाठी दया मागत नाही. पण पैसा मिळाला म्हणून अधिकाराचा प्रश्न मिटतो, हे आपण इतर कुठल्याही व्यवसायात मान्य करत नाही. उलट इतका यशस्वी, इतका कष्टाळू, आधीच्या बँडचा कर्ताधर्ता असलेला माणूस इथे हतबल ठरतो, तर तीनशे रसिकांच्या क्लबमध्ये वाजवणाऱ्या बासवादकाची काय कथा, असा प्रश्न मला पडतो. राहता राहिला खप. तो अल्बम आपल्या गाण्यांच्या बळावर चालला, यात वाद नाही. तरी 1991 च्या अल्बममध्ये बास परत आणण्याचा निर्णय मेटालिकाने घेतला आणि तोच त्यांचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला, अमेरिकेतच दीड कोटीच्या वर. खपाचं कारण एकटी बास असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मात्र बास गेली तरी चालतं, हा धडा खुद्द बँडनेही घेतला नाही. 2018 मध्ये ‘जस्टिस’ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा बास वाढवून द्या, ही चाहत्यांची जुनी मागणी होती; जे झालं तो इतिहास आहे, तो बदलायचा नाही, अशी बँडची भूमिका राहिली. इतिहास जपावा हे ठीक. मूळ मिक्स जसंच्या तसं ठेवून, त्या भल्या मोठ्या संचात बासचं एक जादा मिक्स देण्याने इतिहास पुसला गेला नसता.

मूळ संस्थापक असणंही पुरेसं संरक्षण देत नाही. ‘मेगाडेथ’मध्ये डेव्हिड एलेफसन पहिल्या वर्षापासून, 1983 पासून, बासवर होता. बँड थांबला आणि दोन वर्षांनी त्याच्याशिवाय सुरू झाला. 2004 मध्ये त्याने नफ्याच्या वाटणीवरून बँडचा म्होरक्या डेव्ह मस्टेन याच्यावर 1 कोटी 85 लाख डॉलरचा दावा लावला, तो पुढल्या वर्षी फेटाळला गेला. 2010 मध्ये तो त्याच बँडमध्ये परतला. बँडचं नाव आणि बहुतेक रचना ज्याच्याकडे, त्याच्याकडेच दाराची किल्ली असते. याउलट मेटालिकाला न्यूस्टेड गेल्यावर जाग आली, असं म्हणायला जागा आहे. बँड फुटायच्या बेतात आला, महिना 40 हजार डॉलर देऊन त्यांनी समुपदेशक नेमला, 2003 चा अल्बम बासवादकाशिवाय केला आणि त्यावर बास निर्माता बॉब रॉकने वाजवली. हा सगळा काळ ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या 2004 च्या माहितीपटात टिपलेला आहे. त्यातच नवा बासवादक रॉबर्ट ट्रुहियोला आगाऊ दहा लाख डॉलर देऊ केल्याचं दिसतं: तू नोकर नाहीस, भागीदार आहेस, हे पटवून देण्यासाठी. 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मधल्या सगळ्या गाण्यांवर चौघांची नावं आहेत. त्याच्या पुढच्याच अल्बमपासून चित्र पुन्हा बरंचसं जुन्या वळणावर गेलं, हेही नोंदवायला हवं. मनाच्या मोठेपणावर सोडलेली गोष्ट अशीच हलत राहते.

आपल्याकडच्या वादकांचा प्रश्न याहून फार दूरचा नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद ज्यांनी घडवला, त्यांत गोव्याहून आलेले वादक आणि संयोजक मोठ्या संख्येने होते: सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर नाव संगीतकाराचं लागे. गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. प्यारेलालनी 1977 मध्ये एका गाण्यातून गुरूचं नाव घराघरांत पोहोचवलं, पण ते नाव ऐकून हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा माणूस खरा होता, हे माहीत असेल. 2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या वादनाच्या व्यावसायिक वापरासाठी कलावंताला रॉयल्टी मिळण्याचा हक्क कायद्यात आला. तो वादकांनाही लागू आहे. मात्र त्याच दुरुस्तीने कलावंताच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचं नाव कुठेही दिलं जात नाही, तो एका मर्यादित हक्कापुरताच कलावंत. हेतू पडद्यावरच्या गर्दीपुरता असावा. पण वादकाचं काम प्रासंगिक कशाला म्हणायचं याचा वाद उद्या कोर्टात गेला, तर नाव न देण्याची रूढी हीच हक्क नाकारण्याची सबब होऊ शकते. नाव न देणाऱ्याच्या हातात कायद्याने हे शस्त्र ठेवायला नको होतं.

मुंबई-पुण्यात आज मेटल आणि रॉक वाजवणाऱ्या तरुणांचं काम चित्रपटांपेक्षा स्वतःच्या गाण्यांवर आहे. आपण मित्र आहोत, कागद कशाला, ही सुरुवातीची भावना मला समजते आणि ती खोटीही नाही. तरी पहिलं गाणं स्ट्रीमिंगवर चढवण्याआधी एका बैठकीत चार गोष्टी लिहून काढाव्यात: रचनेचं श्रेय कसं वाटायचं, बँडच्या नावाची नोंदणी कोणाच्या नावे, मिक्सला मंजुरी कोणाची आणि बाहेरच्या कामाचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत का. आपल्या 1932 च्या भागीदारी कायद्यात, वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा भागीदारांत समान वाटला जातो. पण बँड ही भागीदारी होती की एकाचा धंदा आणि बाकीचे पगारी, हेच आधी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, तेही मैत्री तुटल्यानंतर. हा कागद करायला वकिलाचीही गरज नाही. साध्या मराठीत लिहिलेला, तारीख घातलेला आणि चौघांनी सही केलेला मजकूर पुरावा म्हणून उपयोगी पडतो, आणि तो मागण्याची सगळ्यात जास्त गरज बहुतेक बँडमध्ये बासवादकालाच असते.